फाट्यांची गोष्ट: दहा जणांनी मिळून लिहायची, वाचणाऱ्याने वळवायची गोष्ट बनते तरी कशी?

खानदेशात चार म्हाताऱ्या माणसांना एकत्र बसवा आणि लहानपणी ऐकलेली एकच गोष्ट सांगायला लावा. पहिल्या आजीच्या गोष्टीत धाकटी सून घर सोडून जाते. दुसरीच्या गोष्टीत ती विहिरीजवळूनच परत फिरते. तिसरीला विहीर मंजूरच नसते, तिच्या मते ते तापीचं पात्र होतं. आणि चौथे बाबा म्हणतात, सून कसली, ती तर लेक होती.

मग यातली खरी गोष्ट कुठली? छापायची म्हटली तर एकच निवडावी लागते. निवडणारा बहुतेक वेळा गावातला शिकलेला माणूस असतो, आणि उरलेल्या तीन गोष्टी त्या माणसांसोबत संपतात.

पण लिहिण्याची एक पद्धत अशी आहे की चारही गोष्टी एकाच फाईलमध्ये राहतात. वाचणारा विहिरीपर्यंत येतो, तिथे त्याला दोन वाटा दिसतात, एकीवर बोट ठेवलं की गोष्ट तिकडे वळते. इंग्रजीत याला ब्रँचिंग स्टोरी म्हणतात. आपण फाट्यांची गोष्ट म्हणू. हायवेलगत राहणाऱ्या माणसाला फाटा म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

ही गोष्ट लिहायला गेम डेव्हलपर असायची गरज नाही. मोबाईलमधलं साधं नोट्स ॲप पुरतं. कसं, ते बघूया.

आधी एक उदाहरण, नरडाण्याचं

नरडाणा हे धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातलं गाव. मुंबई-आग्रा महामार्ग इथून जातो, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं स्टेशन आहे, एमआयडीसी आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली, तोही धुळे, नरडाणा, शिरपूर असाच वर सरकणार आहे. म्हणजे उद्या इथे उभ्या असलेल्या माणसाला सुरत, भुसावळ, धुळे आणि इंदूर अशा चार दिशा मिळतील. फाट्यांच्या गोष्टीला याहून चांगली सुरुवात कुठून मिळणार?

तर ही बघा गोष्ट. जशी टाइप करायची तशीच दिली आहे:

:: स्टेशन
भुसावळकडची गाडी नुकतीच निघून गेली. हातात आजीने दिलेला डबा आहे. तो अंधार पडायच्या आत अमळनेरला मावशीकडे पोचायला हवा.
[[पुढच्या गाडीची वाट बघ->बाकडं]]
[[हायवेवर जाऊन काही मिळतं का बघ->हायवे]]

:: बाकडं
बाकड्यावर एक बाबा बसलेत. डब्याकडे बघत विचारतात, "तुले कथा जानं शे?"
[[खरं ते सांग->गप्पा]]
[[डबा पिशवीत घाल आणि चालू लाग->हायवे]]

:: हायवे
ट्रकमागून ट्रक जातायत. थांबत कुणीच नाही.
[[स्टेशनवर परत जा->बाकडं]]

:: गप्पा
बाबा हसतात. डबा कुणाचा आहे हे त्यांना वासावरूनच कळलेलं असतं.

बस, एवढंच. दोन कोलन दिले की नवा तुकडा सुरू होतो, आणि कोलननंतर लिहाल ते त्या तुकड्याचं नाव. दुहेरी चौकटी कंस म्हणजे फाटा. बाणाच्या डावीकडचे शब्द वाचणाऱ्याला दिसतात, उजवीकडे तो कुठल्या तुकड्यावर जाणार त्याचं नाव. या लिहिण्याच्या पद्धतीला 'ट्वी' म्हणतात. आणि हा मजकूर घेऊन त्याची क्लिक करत वाचता येणारी गोष्ट बनवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरला 'ट्वाइन'.

ट्वाइन ब्राउझरमध्येही चालतं, ट्वाइनरी डॉट ऑर्ग या साइटवर. तिथे इम्पोर्टमधून ही ट्वीची फाईल आत घ्यायची. प्रत्येक तुकडा एका चौकोनात दिसतो आणि चौकोनांना जोडणारे बाण आपोआप काढले जातात. 'स्टेशन'च्या चौकोनावर जाऊन गोष्ट इथून सुरू कर असं सांगायचं, मग प्ले. वरची चार तुकड्यांची गोष्ट टाइप करण्यापासून चालवून बघण्यापर्यंत अर्ध्या तासाचं काम आहे, आणि त्यातली वीस मिनिटं मराठी कीबोर्डशी झगडण्यात जातात.

हे आलं कुठून?

पुस्तकातून. एडवर्ड पॅकार्ड या अमेरिकन लेखकाचं 'द केव्ह ऑफ टाइम' १९७९ मध्ये आलं. अमुक करायचं असेल तर तमुक पानावर जा, अशी त्याची रचना होती आणि शेवट होते ४०. 'चूज युअर ओन ॲडव्हेंचर' नावाच्या मालिकेतलं हे पहिलं पुस्तक. पुढच्या वीसेक वर्षांत या मालिकेच्या २५ कोटींवर प्रती विकल्या गेल्या.

२००९ मध्ये ख्रिस क्लिमस या प्रोग्रामरने ट्वाइन आणलं आणि पानं उलटण्याची जागा क्लिकने घेतली. नेटफ्लिक्सवर डिसेंबर २०१८ मध्ये आलेला 'बँडरस्नॅच' आठवत असेल. हिरोने नाश्त्याला काय खायचं इथपासून प्रेक्षकच ठरवायचे. त्याचा आराखडा लिहिताना चार्ली ब्रूकरने ट्वाइन वापरलं होतं.

ट्वाइनचा एक चुलतभाऊ आहे, इंक. ब्रिटनच्या इंकल या कंपनीने तो बनवला आणि २०१६ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. तोही निव्वळ मजकुरातच लिहितात. या इंकमधून आलेला '८० डेज' हा २०१४ चा गेम ज्युल्स व्हर्नच्या कादंबरीवर बेतलेला आहे. जगाची सफर करताना पुढचं शहर खेळणारा निवडतो, त्यामुळे पाच लाखांहून जास्त शब्द लिहावे लागले. गंमत म्हणजे व्हर्नच्या मूळ कादंबरीत मुंबईहून निघालेली आगगाडी नाशिक मागे टाकून खानदेशातून जाते आणि बऱ्हाणपूरला थांबते. दीडशे वर्षांपूर्वी एका फ्रेंच माणसाने, इथे पाय न ठेवता, खानदेशातल्या शेतांचं कौतुक लिहून ठेवलंय.

एक फरक इथे लक्षात घ्या. वेताळ पंचविशी किंवा पंचतंत्र या फाट्यांच्या गोष्टी नाहीत. तिथे गोष्टीच्या पोटात गोष्ट असते, पण वाट एकच. तुम्ही विक्रमाला गप्प बसवू शकत नाही.

मजकुराचीच फाईल का?

ट्वाइनमध्ये थेट चौकोन काढूनही गोष्ट लिहिता येते. बहुतेक जण तसंच सुरू करतात आणि एकट्याने लिहायचं असेल तर ते सोपंही आहे. पण ब्राउझरमधलं ट्वाइन तुमची गोष्ट त्या ब्राउझरच्याच पोटात साठवतं. कुणी 'फोन स्लो झालाय' म्हणून ब्राउझरचा सगळा डेटा साफ केला की गोष्ट गेली. सायबर कॅफेत किंवा शाळेच्या कॉम्प्युटरवर हे हमखास होतं. म्हणून रोजचं काम झालं की फाईल बाहेर काढून ठेवायची, मेनूत 'एक्स्पोर्ट ॲज ट्वी' असा पर्याय आहे.

मजकुराची फाईल काही केबींची असते. ती व्हॉट्सॲपवर जाते, टूजीवरही जाते. कुठल्याही फोनवर उघडते. उद्या ट्वाइन बंद पडलं तरी माणसाला ती वाचता येते, कारण तिच्यात मराठी वाक्यं, कोलन आणि कंस यापलीकडे काहीच नाही. बँडरस्नॅचचं काय झालं बघा. मे २०२५ मध्ये नेटफ्लिक्सने तो काढून टाकला. कोट्यवधी लोकांपर्यंत पोचलेली गोष्ट एका कंपनीने ठरवलं आणि गेली. तुमच्या आजीच्या गोष्टीची ट्वी फाईल दहा जणांच्या फोनमध्ये असेल तर ती अशी एका फटक्यात जात नाही.

पण दहा जण एकत्र लिहिणार कसे?

इथे ट्वाइन फार मदत करत नाही. गूगल डॉक्ससारखं एकाच वेळी दहा जणांनी लिहायची सोय त्यात नाही. म्हणून तर मजकूर.

चालणारी पद्धत साधी आहे. सगळ्यांनी एकदा समोरासमोर बसायचं आणि मोठ्या कागदावर नकाशा काढायचा. गोष्ट कुठे सुरू होते, कुठल्या तीन-चार जागी सगळ्यांच्या वाटा एकत्र येतात, शेवट किती. मग वाटण्या. तू हायवेचं लिही, मी बाकड्याचं लिहितो, अमळनेरच्या मावशीचं घर ती लिहील. प्रत्येकाची फाईल वेगळी. तुकड्यांची नावं मात्र त्याच बैठकीत ठरवून कागदावर लिहायची आणि नंतर बदलायची नाहीत. मी माझ्या फाईलमध्ये 'हायवे'कडे जाणारा फाटा लिहिला आणि तू तुझ्या तुकड्याला 'महामार्ग' असं छान नाव दिलंस, तर माझा वाचणारा हवेत लटकला. ट्वाइनच्या नकाशावर असा तुटका फाटा लाल रंगात दिसतो, त्यामुळे निदान सापडतो तरी.

शेवटी एकाने सगळ्या फायली एकाखाली एक जोडायच्या आणि ट्वाइनमध्ये घ्यायच्या. कॉम्प्युटरची थोडी सवय असलेला कुणी गटात असेल तर ट्वीगो नावाचं मोफत टूल एका फोल्डरमधल्या सगळ्या फायली स्वतःच जोडून देतं. त्याच्याही पुढे जायचं तर गिट आहे. लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये बनवलेलं, जगभरचे प्रोग्रामर वापरतात ते. कुणी, कधी, कुठली ओळ बदलली याची नोंद ते ठेवतं आणि जुनं परत आणता येतं. मात्र शाळेच्या किंवा मंडळाच्या गटाला पहिल्या दिवशी गिट शिकवू नका. दुसऱ्या दिवशी कुणी येणार नाही.

खरी अडचण वेगळीच असते. एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला आवडत नाही तेव्हा काय करायचं?

२००७ मध्ये पेंग्विन या प्रकाशन संस्थेने इंग्लंडच्या डी माँटफर्ट विद्यापीठासोबत एक प्रयोग केला, 'अ मिलियन पेंग्विन्स'. इंटरनेटवर एक कादंबरी खुली ठेवली, कुणीही यावं, लिहावं, दुसऱ्याचं बदलावं. पाचेक आठवड्यांत तिचं रणांगण झालं. एकाने लिहायचं, दुसऱ्याने पुसायचं. एका महाभागाने तर जागोजागी केळी घुसवायला सुरुवात केली. शेवटी केळेवाल्यांसाठी कादंबरीची वेगळी शाखाच निघाली. मला या सगळ्या प्रकारातला तोच भाग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. एकच गोष्ट ठेवायची अट होती तोवर भांडण होतं, फाटा दिल्यावर केळीही राहिली आणि कादंबरीही.

त्यामुळे गटाने आधीच एक नियम लिहून ठेवावा: दुसऱ्याचा तुकडा पुसायचा नाही, पटत नसेल तर त्याच्या आधी फाटा काढून आपला तुकडा जोडायचा. व्याकरणाची चूक दिसली तर ज्याचा तुकडा त्याला फोन करायचा.

प्रत्येक ठिकाणी फाटा दिला तर?

मरण. हिशोब करा. प्रत्येक तुकड्याला दोन वाटा, आणि वाचणाऱ्याने दहा वेळा निवड करायची. शेवट होतात १,०२४ आणि एकूण तुकडे २,०४७. एका तुकड्यात १०० शब्द धरले तरी दोन लाखांवर शब्द झाले. आणि एक वाचणारा त्यातले जेमतेम ११ तुकडे वाचणार.

म्हणून वाटा परत जोडायच्या. वरच्या उदाहरणात स्टेशनवरून थेट गेलात काय आणि बाकड्यावरून उठून गेलात काय, 'हायवे' एकच आहे. दहा वेळा निवड तीच, पण प्रत्येक निवडीनंतर दोन्ही वाटा पुढच्या तुकड्यावर एकत्र येत असतील तर सगळं ३१ तुकड्यांत भागतं. या रचनांना नावं आहेत. सॅम कॅबो ॲशवेल या अभ्यासकाने २०१५ मध्ये त्यांची यादी केली. नुसती पसरत जाणारी ती 'टाइम केव्ह', पॅकार्डच्या पुस्तकावरून. फाटे फुटून पुन्हा एका गळ्यात येणारी ती 'ब्रँच अँड बॉटलनेक'. गटाने लिहायला दुसरी बरी, कारण प्रत्येक गळा म्हणजे सगळ्यांनी मिळून ठरवलेली जागा, आणि दोन गळ्यांच्या मधला भाग ज्याचा त्याचा.

वाटा जोडल्या की वाचणारा विचारतो, मग माझ्या निवडीला अर्थ काय राहिला? त्यासाठी गोष्टीला लक्षात ठेवायला शिकवता येतं. मघाशी डबा लपवला होता का, हे ट्वाइन जपून ठेवतं आणि अमळनेरला मावशीच्या तोंडी वेगळं वाक्य घालतं. पण त्या आज्ञा इंग्रजी अक्षरांत लिहाव्या लागतात. सगळी गोष्ट लिहून झाल्यावर एकाच माणसाने ते काम करावं.

तू गेलास की तू गेलीस?

आता मराठीची खास डोकेदुखी. इंग्रजीत 'यू' म्हटलं की वाचणारा मुलगा की मुलगी हा प्रश्नच येत नाही, म्हणून तिथे या गोष्टी वाचणाऱ्यालाच हिरो करून सांगतात. मराठीत 'तू स्टेशनवर गेलास' लिहिलं की अर्ध्या वाचणाऱ्या बाहेर. 'तू जातोस' हेही तेच.

यातून सुटायच्या वाटा मराठीतच आहेत. एक म्हणजे आज्ञार्थ: जा, बघ, थांब. फाट्यांच्या कंसात तो बसतोही छान. दुसरी, 'तुम्ही' वापरायचं. 'तुम्ही गेलात', 'तुम्ही बघता' दोघांनाही चालतं, फक्त आजी नातवाला 'तुम्ही' म्हणायला लागली की खानदेशात हसतील. तिसरी वाट मला सगळ्यात आवडते. भूतकाळात कर्म असलेलं वाक्य करा. 'तू डबा उघडलास', 'तू चहा घेतलास'. इथे क्रियापद डब्याच्या आणि चहाच्या मागे जातं, वाचणाऱ्याच्या नाही. थोडं जमलं की पानभर मजकूर असा लिहिता येतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

टायपिंगचे सापळे वेगळेच. 'दुसऱ्या', 'म्हाताऱ्या' यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, कॉम्प्युटरला ती दोन वेगळी नावं वाटतात. एकाने जीबोर्डवर टाइप केलं, दुसऱ्याने डेस्कटॉपवर, की फाटा तुटलाच. 'ॲ'चंही तसंच. तुकड्यांची नावं छोटी आणि अशी अक्षरं टाळून ठेवा: बाकडं, विहीर, हायवे. आणि नाव परत टाइप न करता कॉपी करून चिकटवा.

गूगल डॉक्समध्ये लिहीत असाल तर ते वजाचं चिन्ह आणि टोकदार कंस मिळून आपणहून एकच बाण बनवतं. सुंदर दिसतो, पण ट्वाइनला तो कळत नाही. सेटिंगमध्ये जाऊन ही आपोआप बदलाची सोय बंद करा. व्हॉट्सॲपवरून एकदम बरेच मेसेज कॉपी केले तर प्रत्येकाआधी तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचं नाव येतं, तेही गोष्टीत शिरतं. आणि डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमधला मजकूर आणलात तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर फोनवर नुसतं अगम्य चिन्हांचं कडबोळं दिसेल.

आपल्याकडे हे आधीही झालंय

कॉम्प्युटर नव्हते तेव्हाही एकाच गोष्टीच्या अनेक वाटा जपायचा प्रश्न मराठी माणसासमोर होताच. तेराव्या शतकाच्या अखेरीला म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केलं ते चक्रधरस्वामींच्या सहवासातल्या लोकांकडे जाऊन, त्यांच्या आठवणी गोळा करून. माणसं अनेक, तर आठवणीही वेगवेगळ्या. महानुभाव परंपरेत एका लीळेचा असा वेगळा पाठ असेल तर त्याला 'वासना' म्हणतात आणि पोथ्यांमध्ये मूळ प्रसंगाजवळच अशा वासना नोंदवलेल्या सापडतात. म्हणजे दुसऱ्याची आठवण खोडली नाही, शेजारी लिहिली.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, १९१९ ते १९६६. १,२५९ हस्तलिखितं तपासली. त्यांनी एक मुख्य पाठ ठरवला, पण सोडून दिलेले पाठभेदही तळटीपांमध्ये आणि परिशिष्टांत छापले. छापील पानाला इतकंच शक्य होतं. तळटीप वाचतो कोण, हा प्रश्न उरतोच. फाट्यांच्या गोष्टीत तळटीप नसते, दोन्ही पाठ एकाच उंचीवर, एकाच आकाराच्या अक्षरांत समोर येतात.

अहिराणीसाठी हे का महत्त्वाचं? २००१ च्या जनगणनेत 'खानदेशी' या नोंदीखाली, जिच्यात अहिराणी मोजली जाते, साधारण २० लाख ७५ हजार लोक होते. २०११ मध्ये ते १८ लाख ६० हजारांच्या आसपास आले. हा आकडा जपून वापरावा, कारण घरात अहिराणी बोलणारे कित्येक जण मातृभाषेच्या रकान्यात मराठी सांगतात. पण त्या सांगण्यातच सगळं आलं. शाळेची भाषा वेगळी, छापील भाषा वेगळी. आणि अहिराणी सगळीकडे एकसारखी नाही. धुळ्याकडची, बागलाणातली, जळगावकडची, तिघींचे हेल आणि कितीतरी शब्द वेगळे. छापायला बसलं की प्रमाण अहिराणी कुठली हा वाद सुरू होतो आणि पुस्तक बाजूला राहतं.

फाईलमध्ये हा वाद सोडवायची गरज पडत नाही. शिरपूरच्या आजीचा तुकडा तिच्या बोलीत, अमळनेरच्या आजीचा तिच्या बोलीत. हवं तर प्रत्येक तुकड्याखाली 'हेच मराठीत वाच' असा आणखी एक फाटा. बाहेरगावी वाढलेला नातू मराठीतून आत येईल आणि 'गाडी उनी' म्हणजे गाडी आली हे दुसऱ्याच क्लिकला शिकेल.

गोष्ट कुणाची?

लिहायच्या आधी हे ठरवा, नंतर मैत्री तुटते. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार दोघा-तिघांचं लेखन एकमेकांपासून वेगळं काढता येत नसेल तर ती संयुक्त कृती ठरते, आणि हक्क शेवटच्या लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत राहतो. म्हणजे उद्या कुणाला तिचं पुस्तक किंवा वेबसिरीज करायची झाली तर सगळ्यांची संमती गोळा करत फिरावं लागेल. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरने २०१५ पासून वेगळी वाट धरली आहे. तिथल्या गोष्टी खुल्या परवान्याखाली असतात, मूळ लेखकाचं नाव ठेवून कुणीही भाषांतर करावं, बदल करावा. गावच्या गोष्टींना मला हा मार्ग बरा वाटतो, पण गटाने तो पहिल्या तुकड्यातच स्पष्ट लिहायला हवा.

लोककथा कुणा एकाच्या मालकीची नसली तरी सांगणारी आजी तुमच्यासमोर बसलेली असते. तिला विचारा, नाव घालू का? काहींना आवडतं, काहींना 'मन्हं नाव नको' असं वाटतं. कानबाईच्या किंवा घरच्या देवकार्यातल्या गोष्टी काही घरांमध्ये बाहेर सांगत नाहीत. तिथे फाटा काढूच नका.

सगळं जमलं की ट्वाइनमधून गोष्ट प्रकाशित करायची, तेव्हा एकच एचटीएमएल फाईल तयार होते. ती व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, समोरच्याच्या ब्राउझरमध्ये उघडेल आणि एकदा उतरली की नेट नसतानाही चालेल. गोष्टीत फोटो घातले असतील तर ते मात्र सोबत जात नाहीत, म्हणून पहिल्यांदा फोटोशिवायच करा. लिंक हवी असेल तर इच डॉट आयओवर ती फुकट चढवता येते. आणि ट्वीची मूळ फाईल तारीख टाकून गटातल्या निदान तिघांकडे ठेवा. पहिल्या गोष्टीला बारा तुकडे आणि तीन शेवट पुष्कळ झाले.